प्रश्न चार दिवसांचा

(मंडळाच्या गणेशोत्सवातील कौटुंबिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



पत्रिकेत माझ्या भाषणाचा विषय 'महिलांचे आरोग्य' असा छापला आहे. तो चुकीचा नाही, पण मोघम आहे. मी बोलणार आहे मासिक पाळीबद्दल, त्या काळात वापरायच्या साधनांबद्दल, सध्या गाजत असलेल्या 'ऑरगॅनिक' पॅडबद्दल आणि ज्यांच्यापर्यंत यातले काहीच धड पोचत नाही अशा स्त्रियांबद्दल. मागच्या रांगेत थोडी चुळबुळ दिसते आहे. ती साहजिक आहे. आपल्याकडे हा विषय वर्तमानपत्राच्या पुडीत गुंडाळून आणण्याची पद्धत आहे. आज ती पुडी जरा सोडू या.

एखादा म्हणेल, हा मेकॅनिकलचा डिप्लोमावाला, डब्यांच्या देखभालीत आयुष्य घालवलेला माणूस. याचा या विषयाशी काय संबंध? संबंध आहे, आणि तो आमच्या कामातूनच आला. आपल्या गाड्यांच्या डब्यांत आता बायो-टॉयलेट आहेत. संरक्षण संशोधन संस्थेच्या ग्वाल्हेरच्या प्रयोगशाळेत तयार झालेले जिवाणू टाकीत सोडलेले असतात. ते मैला खातात, त्याचे पाणी आणि वायू करतात. २०१९ सालाच्या अखेरपर्यंत जवळजवळ सगळ्या प्रवासी डब्यांत ही व्यवस्था बसली आणि रुळांवर पडणारी घाण थांबली. पण हे जिवाणू प्लॅस्टिक खात नाहीत. पाण्याची बाटली, गुटख्याची पुडी, डायपर आणि सॅनिटरी पॅड यांनी टाकीचे तोंड तुंबते. पॅड तर पाणी पिऊन फुगतो आणि बुचासारखा बसतो. मग गाडी यार्डात आली की कंत्राटी सफाई कामगार खाली वाकून, गज घालून, प्रसंगी हाताने तो काढतो. हातमोजे असले तर त्याचे नशीब.

असा तुंबलेला पाइप पाहिला की टाकणाऱ्या बाईला शिव्या घालणे सोपे असते. पण तिच्या जागी उभे राहून पाहा. स्लीपरचा डबा, रात्रीची वेळ, हलती गाडी, दाराबाहेर तीन माणसे खोळंबलेली, आत झाकणाचा डबा नाही. वापरलेला पॅड हातात घेऊन सगळ्यांसमोरून ती कुठे जाणार? आमच्या धंद्यात एक नियम आहे. एकाच जागी वारंवार बिघाड होत असेल, तर माणसाला दोष देण्याआधी रचना तपासावी. आजच्या भाषणात मी तेवढेच करणार आहे.

शिवणे आणि मुट्टु

आधी शब्दांकडे पाहू. आपल्या आज्या म्हणायच्या, 'कावळा शिवला'. कुणी 'बाहेरची' म्हणे, कुणी 'अडचण' म्हणे. आपले कन्नड सहकारी येथे बसले आहेत, त्यांच्याकडे पाळीला 'मुट्टु' म्हणतात आणि 'मुट्टु' म्हणजेही स्पर्श, शिवणे. भाषा दोन, पण दोघांनाही या गोष्टीचे नाव ठेवताना स्पर्शच आठवला. म्हणजे त्या बाईला काय होते आहे, यापेक्षा तिने कशाला शिवू नये याचीच काळजी आपल्याला जास्त होती. गडचिरोलीच्या काही आदिवासी गावांत पाळीच्या दिवसांत बायकांनी गावाबाहेरच्या 'कुर्माघरा'त राहायची चाल आजच्या काळातही पाहायला मिळते. त्याच महाराष्ट्रात १९२७ पासून र. धों. कर्वे 'समाजस्वास्थ्य' मासिक काढून शरीराविषयी उघडपणे लिहीत होते. एकाच प्रांतात ही दोन्ही टोके आहेत.

गणेशोत्सवाशी तर या विषयाचा थेट संबंध आहे. उद्याच्या दिवसासाठी आपल्यातल्या कितीतरी घरांत महिनाभर आधीपासून हिशेब सुरू होतो: 'गणपतीत तारीख येते का गं?' आली तर औषधाच्या दुकानातून पाळी लांबवायच्या गोळ्या आणल्या जातात. चतुर्थी, मग गौरी, मग विसर्जन असे करत गोळ्या वाढत जातात. या गोळ्यांत नॉरएथिस्टेरॉन नावाचे संप्रेरक असते. स्त्रीरोगतज्ज्ञ काही आजारांवर हे औषध देतात आणि तपासून दिले तर ते उपयोगीच आहे. पण ज्यांना रक्ताच्या गुठळ्यांचा किंवा यकृताचा त्रास आहे किंवा होऊन गेला आहे, त्यांना ते धोक्याचे ठरू शकते. मैत्रिणीला चालले म्हणून आपण घेतले, असे या औषधाच्या बाबतीत करू नये. मोदकांसाठी आपण नारळ सुद्धा वाजवून घेतो; गोळी मात्र न विचारता गिळतो!

चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी. ऋषीची भाजी आपण सारेच आवडीने खातो. पाळीच्या दिवसांत नकळत झालेल्या शिवाशिवीच्या दोषातून मुक्ती मिळावी, ही त्या व्रतामागची कहाणी. मी कुणाच्या श्रद्धेवर बोलणार नाही. कुणी उपास करावा, कुणी करू नये, हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न. मला फक्त दुसरी एक कथा आठवते, आणि ती येथे प्रत्येकाने लहानपणी ऐकली आहे. पार्वतीमातेने स्नानाच्या वेळी आपल्या अंगाच्या मळापासून एक बालक घडवले आणि त्याला दाराशी पहाऱ्याला बसवले. ज्याची आपण दहा दिवस पूजा करतो, तो आईच्या अंगाच्या मळातून जन्मला. मग त्याच आईच्या लेकींच्या अंगचे जे निसर्गाने दिले आहे, त्याचा विटाळ त्या बाळाला होईल का? विचार आपणच करावा.

पॅडमध्ये काय असते?

आता इंजिनियरच्या नजरेने वस्तूकडे पाहू. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधील परिचारिकांनी लाकडाच्या लगद्यापासून केलेल्या जखमेच्या पट्ट्या पाळीसाठी वापरून पाहिल्या, आणि त्यावरूनच १९२० च्या सुमारास अमेरिकेत तयार पॅडचा धंदा सुरू झाला. आज दुकानातला साधा पॅड उघडला तर चार थर दिसतात. वरचा, अंगाला लागणारा थर बहुधा पॉलिप्रॉपिलिनचा, म्हणजे प्लॅस्टिकच्या न विणलेल्या कापडाचा. त्याखाली लाकडाचा लगदा. त्यात मिसळलेली बारीक पूड म्हणजे सुपर अब्सॉर्बंट पॉलिमर. ही स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट पाणी पिऊन जेली होते. सर्वांत खाली पॉलिथिनचा पापुद्रा आणि चिकटपट्टी. म्हणजे ज्याला आपण 'कापसाचा' समजतो, त्यात कापूस बहुधा नसतोच.

या वस्तूला भारतीय मानक आहे हे फार थोड्यांना ठाऊक असते. आय.एस. ५४०५ हे मानक पहिल्यांदा १९६९ मध्ये निघाले, १९८० मध्ये सुधारले आणि २०१९ मध्ये पुन्हा बदलले. १९८० च्या मानकातली चाचणी आमच्या कार्यशाळेतल्या चाचणीसारखीच आहे: पॅडच्या मध्यावर मिनिटाला १५ मिलिलिटर या वेगाने ३० मिलिलिटर द्रव सोडायचा आणि तो खालून वा कडेने दिसता कामा नये. पी.एच. ६ ते ८.५ च्या आत हवा. ही चाचणी गळतीची झाली. पण पॅड तासन्‌तास त्वचेला लागून असतो, तेव्हा त्यातल्या रसायनांचे काय, हा प्रश्न लोक विचारू लागले आणि तेथूनच 'ऑरगॅनिक'चा बाजार उभा राहिला.

ऑरगॅनिक म्हणजे नेमके काय?

'ऑरगॅनिक पॅड' या शब्दांखाली तीन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात आणि गिऱ्हाईक त्यांची गल्लत करते.

पहिली गोष्ट, सेंद्रिय कापूस. रासायनिक खत आणि कीटकनाशक न वापरता पिकवलेला. सेंद्रिय कापसात आपला देश जगात आघाडीवर आहे, आणि विदर्भाच्या शेतकऱ्याला यातून दोन पैसे जास्त मिळाले तर आनंदच आहे. पण पाकिटावर ठसा कोणता आहे ते पाहावे. 'गॉट्स' नावाच्या आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्रात 'ऑरगॅनिक' म्हणवायला किमान ९५ टक्के धागा प्रमाणित सेंद्रिय लागतो, आणि 'सेंद्रिय धागा वापरून केलेले' म्हणायला ७० टक्के. कित्येकदा फक्त वरचा थर सेंद्रिय कापसाचा असतो आणि आतली जेलीची पूड आणि खालचे पॉलिथिन तसेच राहते.

दुसरी गोष्ट, विघटनशील पॅड. केळीच्या खांबाचा धागा किंवा तत्सम वनस्पतीचा गर वापरून केलेले. अहमदाबादच्या 'साथी'ने केळीच्या धाग्याचे पॅड बाजारात आणले, मुंबईकडच्या 'आकार'चे 'आनंदी' पॅड कंपोस्ट होणारे म्हणून ओळखले जातात. हे काम कौतुकाचे आहे. पण 'कंपोस्ट होणारे' याचा अर्थ योग्य उष्णता, ओल आणि जिवाणू मिळाले तर, असा आहे. तेच पॅड प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून कचऱ्याच्या डोंगरात टाकले तर त्यांचा उपयोग अर्धा वाया जातो. आणि 'ऑक्सो-बायोडिग्रेडेबल' हा शब्द दिसला तर जरा थांबावे. त्यात प्लॅस्टिकचे लवकर तुकडे व्हावेत म्हणून रसायन घातलेले असते. तुकडे झाले म्हणजे प्लॅस्टिक संपले असे नाही. युरोपीय संघाने अशा ऑक्सो प्लॅस्टिकच्या वस्तूंवर २०२१ पासून बंदी घातली आहे.

तिसरी गोष्ट, रसायनमुक्त असल्याचा दावा. येथे सर्वांत जास्त सावध राहावे. दिल्लीच्या 'टॉक्सिक्स लिंक' संस्थेने २०२२ मध्ये आपल्या बाजारातील दहा पॅड तपासले, त्यांत सेंद्रिय म्हणून विकले जाणारेही होते. थॅलेट नावाची, प्लॅस्टिक मऊ करणारी रसायने सगळ्यांतच सापडली. २०२४ मध्ये अमेरिकेत तीस टॅम्पॉन तपासले गेले, त्यांत धातूंचे अंश मिळाले. साध्यात शिसे जास्त आणि सेंद्रियात आर्सेनिक जास्त. यातले किती शरीरात जाते हा वेगळा शोध आहे, तेव्हा घाबरून जायचे कारण नाही. पण पाकिटावर हिरवे पान छापले म्हणजे प्रश्न सुटला, असे समजू नये.

आता हिशेब. एका स्त्रीच्या आयुष्यात साधारण साडेचारशे पाळ्या येतात. दर पाळीला बारा पॅड धरले तर ५,४०० पॅड. वर्षाचे १४४. साधा पॅड सरासरी सात रुपयांना धरला तर वर्षाला हजार रुपये. ऑरगॅनिक पंधरा रुपयांना धरला तर दोन हजारांच्या वर. ज्या घरात आई आणि दोन मुली आहेत, तेथे हा आकडा तिप्पट होतो. आपल्याला तो परवडेल. आपल्या जिन्यात झाडू मारणाऱ्या बाईला परवडेल का?

कापड आणि कप

स्वस्त आणि टिकाऊ मार्ग दोन आहेत. पहिला आपल्या आज्यांचाच, घडीचा. कापड वाईट नसते. ते नीट न धुणे आणि अंधारात वाळवणे वाईट. लाजेपायी साडीच्या खाली, मोरीच्या कोपऱ्यात दमट वाळलेले कापड जंतूंचे घर होते. आधी थंड पाण्यात भिजवावे, कारण गरम पाण्याने रक्तातले प्रथिन गोठून डाग धरते. मग साबणाने धुऊन कडक उन्हात वाळवावे. ऊन हे फुकटचे औषध आहे. ऑरोव्हिलची 'इको फेम' संस्था २०१० पासून शिवलेले कापडी पॅड करते. पुण्याची 'समाजबंध' संस्था जुन्या सुती कपड्यांपासून 'आशा पॅड' करून आदिवासी पाड्यांत नेते आणि सोबत पाळीविषयी बोलतेही. दिल्लीच्या 'गूंज'ने शहरातल्या जुन्या कपड्यांतून हेच काम मोठ्या प्रमाणावर केले. असा संच हजार-बाराशेला मिळाला आणि तीन वर्षे टिकला, तर वर्षाला चारशे रुपये.

दुसरा मार्ग मेन्स्ट्रुअल कपचा. वैद्यकीय सिलिकॉनची छोटी वाटी. कल्पना नवी नाही, अमेरिकेत लिओना चाल्मर्स या बाईंनी १९३७ मध्ये तिचे पेटंट घेतले होते. २०१९ मध्ये 'लॅन्सेट'च्या सार्वजनिक आरोग्यविषयक नियतकालिकात ४३ अभ्यासांचा आढावा आला. गळतीच्या बाबतीत कप पॅडच्या तोडीचा ठरला आणि वापरून पाहिलेल्यांपैकी सुमारे ७० टक्के स्त्रियांनी पुढेही वापरायची तयारी दाखवली. मात्र सवय व्हायला दोन-तीन पाळ्या लागतात. एक कप बरीच वर्षे, काही दहा वर्षांपर्यंत टिकतात. केरळात अलप्पुळा येथे २०१९ मध्ये पाच हजार कप वाटले गेले आणि जानेवारी २०२२ मध्ये कुंबळंगी हे गाव सॅनिटरी पॅडमुक्त म्हणून जाहीर झाले. आपल्या कर्नाटकातही दक्षिण कन्नड आणि चामराजनगर जिल्ह्यांत मुलींना कप देण्याचा सरकारी प्रयोग झाला. नियम मात्र पाळायचे: पाळीच्या आधी आणि नंतर उकळून घेणे, जास्तीत जास्त बारा तासांच्या आत रिकामा करणे, आणि तांबी बसवलेली असेल तर आधी डॉक्टरांना विचारणे. उकळायला भांडे नाही, हात धुवायला पाणी नाही, अशा ठिकाणी कप देणे म्हणजे रूळ नसताना इंजिन देणे.

वस्तू आहे, पण वाट नाही

स्वस्त पॅडची गोष्ट आपल्या शेजारच्या कोइमतूरची. अरुणाचलम मुरुगनंतम या अल्पशिक्षित कारागिराने कमी खर्चात पॅड करणारे यंत्र बनवले. बचत गटांच्या हाती ते गेले, त्यांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली आणि २०१८ मध्ये त्यांच्यावरून हिंदी चित्रपटही निघाला. सरकारांनीही पावले उचलली. केंद्राने २०११ मध्ये आशा कार्यकर्त्यांमार्फत सहा पॅडचे पाकीट सहा रुपयांना द्यायला सुरुवात केली. कर्नाटकाची 'शुचि' योजना २०१३-१४ मध्ये शाळकरी मुलींसाठी आली. मध्यंतरी तिच्यात खंड पडला आणि ती पुन्हा सुरू झाली. महाराष्ट्राने ८ मार्च २०१८ रोजी 'अस्मिता' योजनेत जिल्हा परिषद शाळांतील मुलींना पाच रुपयांत आठ पॅड दिले. जुलै २०१८ मध्ये पॅडवरचा १२ टक्के जी.एस.टी. रद्द झाला. जनऔषधी केंद्रातला पॅड ऑगस्ट २०१९ मध्ये एक रुपयावर आला. तो ऑक्सो जातीचा आहे, आणि त्याबद्दल मी आत्ताच बोललो. तरी ज्या मुलीपुढे एक रुपयाचा पॅड किंवा राखेची पोटली असा पर्याय आहे, तिला मी एक रुपयाचा पॅडच घे म्हणेन. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते २४ वयाच्या स्त्रियांत स्वच्छ साधने वापरणाऱ्यांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये सुमारे ५८ टक्के होते, ते २०१९-२१ मध्ये ७७ च्या पुढे गेले. प्रगती खरी आहे.

पण बीडकडे पाहिले की आकडे घशाशी येतात. ऊसतोडीला नवरा-बायकोची जोडी मिळून एक 'कोयता' धरतात. हंगामाआधी मुकादमाकडून 'उचल' घेतलेली असते. एक दिवस काम चुकले की 'खाडा', आणि त्याचा दंड. फडाजवळच्या पालांत ना न्हाणीघर, ना शौचालय, ना पुरेसे पाणी. पाळीत अंगावर काढायचे, दुखणे वाढले की खासगी दवाखान्यात जायचे, आणि तेथे सल्ला मिळायचा: पिशवी काढून टाका. २०१९ मध्ये हा प्रश्न विधिमंडळात गाजला. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. बीड जिल्ह्यात ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली. म्हणजे सहा जणींत एक! देशभरात १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत हे प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास आहे. या बायकांना पॅड फुकट दिला असता तर हे टळले असते का? एकट्या पॅडने नाही. पाणी, आडोसा, विश्रांतीचा दिवस आणि खरे सांगणारा डॉक्टर, हे सारे लागते. पॅड हा त्या साखळीतला एक दुवा.

आपल्या खात्याचे उदाहरण घ्या. साताऱ्याच्या सुरेखा यादव, माझ्यासारख्याच डिप्लोमावाल्या, कराडच्या शासकीय तंत्रनिकेतनातून इलेक्ट्रिकल झालेल्या. १९८९ मध्ये त्या सहायक चालक झाल्या, डेक्कन क्वीन चालवली, २०२३ मध्ये सोलापूरहून मुंबईला वंदे भारत नेली आणि सप्टेंबर २०२५ मध्ये निवृत्त झाल्या. आपण अभिमानाने त्यांचे फोटो लावले. त्यांच्या सेवेच्या बहुतेक काळात इंजिनात स्वच्छतागृह नावाची वस्तूच नव्हती. अलीकडे काही इंजिनांत ती सोय होऊ लागली आहे. रुळांवर काम करणाऱ्या आपल्या महिला ट्रॅक मेंटेनर दिवसभर उघड्यावर असतात. भोपाळ स्थानकावर जानेवारी २०१८ मध्ये रेल्वेच्या महिला कल्याण संघटनेने पाच रुपयांत दोन पॅड देणारे यंत्र बसवले. ठाण्याच्या वागळे इस्टेट भागात जानेवारी २०२१ मध्ये सार्वजनिक शौचालयात पाळीसाठी वेगळी खोली झाली, पाणी, साबण आणि झाकणाच्या पेटीसह. कर्नाटक मंत्रिमंडळाने ऑक्टोबर २०२५ मध्ये नोकरदार स्त्रियांना वर्षाला बारा दिवस पगारी पाळी-रजा मंजूर केली. रजेवर मतभेद आहेत, वाद कोर्टातही गेला. पण बिहार सरकारने अशी रजा १९९२ पासूनच दिली आहे आणि तेथील कचेऱ्या बंद पडलेल्या नाहीत.

लाल ठिपका

शेवटचा मुद्दा कचऱ्याचा. आपल्या वसाहतीत अडीचशे स्त्रिया आहेत असे धरा. महिन्याला तीन हजार पॅड. ते कुणीतरी हाताने वेगळे करते. पुण्यात कागद, काच, पत्रा कष्टकरी पंचायतीच्या आणि 'स्वच्छ' संस्थेच्या कचरावेचक बायकांनी २०१३ मध्ये एक वेगळेच आंदोलन केले. वापरलेले पॅड गोळा करून ते बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांना परत पाठवले! तुम्ही बनवता, तुम्ही विकता, उचलायचे मात्र आम्ही? २०१६ च्या घनकचरा नियमांत प्रत्येक पॅडसोबत गुंडाळायला पिशवी देण्याची जबाबदारी उत्पादकांवर आली, त्यामागे अशा बायकांचा आवाज आहे. पुण्याची ही चळवळ आपल्या शहरातही पोचली. येथील 'हसिरु दळ' संस्थेच्या नलिनी शेखर यांनी पूर्वी पुण्यात कचरावेचकांच्या संघटनेत काम केले होते.

डिसेंबर २०१५ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाच्या आदेशाने बेंगळुरूत 'दोन डबे एक पिशवी' आली. हसी कस हिरव्या डब्यात, ओण कस पिशवीत, आणि पॅड-डायपर कागदात गुंडाळून, वर लाल खूण करून लाल डब्यात. खूण का? पौरकार्मिक बाईला पुडी उघडून पाहावी लागू नये म्हणून. एका लाल पेनाच्या ठिपक्याने एका माणसाची अप्रतिष्ठा टळते. कुणी विचारेल, शौचालयातल्या छोट्या यंत्रात जाळले तर? दवाखान्याच्या कचऱ्याच्या भट्टीत पहिल्या कक्षात ८०० आणि दुसऱ्यात १०५० अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान लागते. भिंतीवरच्या डबीत ते मिळेलच असे नाही, आणि कमी तापमानात जळलेल्या प्लॅस्टिकचा धूर त्याच खोलीत फिरतो. घेण्याआधी तापमान आणि धुराड्याची उंची विचारावी.

आपण काय करावे?

भाषणे ऐकून टाळ्या वाजवणे सोपे. मंडळापुढे माझ्या चार सूचना आहेत. कार्यकारिणीने त्या सभेत घ्याव्यात, हवे तर मतदान करावे.

एक, मंडपाजवळच्या महिला स्वच्छतागृहात दहाही दिवस पाणी, दिवा, आतून लागणारी कडी, पॅडची पेटी आणि झाकणाचा लाल डबा असावा. खर्च रोषणाईच्या एका कमानीपेक्षा कमी येईल.

दोन, आपल्या घरी काम करणाऱ्या बायका आणि आमच्या यार्डात डबे धुणाऱ्या कंत्राटी भगिनी यांची वर्षाची सोय मंडळाने करावी. पण आपण ठरवून एकच वस्तू वाटू नये. डॉक्टरीण बाईंना बोलवावे, पॅड, कापड आणि कप तिन्ही समोर ठेवावेत, आणि जिला जे सोयीचे ते तिने घ्यावे. त्याचबरोबर यार्डात त्यांना कपडे बदलायला एक कुलपाची खोली मिळावी, यासाठी मंडळाने रीतसर अर्ज करावा. अर्ज लिहून द्यायची जबाबदारी माझी. सध्या त्या धुवायला लावलेल्या डब्यातच आडोसा शोधतात.

तीन, वसाहतीतल्या प्रत्येक घराने लाल ठिपका सुरू करावा. मुलांनाही सांगावे, मुलींनाच नव्हे. ज्या मुलाला लाल ठिपक्याचा अर्थ कळतो, तो वर्गात मुलीच्या डागाला हसणार नाही.

चार, आरतीला कुणी यावे, हे मंडळाने विचारू नये. घरच्या गणपतीचे सोवळे घरच्यांनी ठरवावे. पण १८९३ मध्ये लोकमान्यांनी या उत्सवाला जे रूप दिले त्याचे नाव 'सार्वजनिक' आहे. सार्वजनिक म्हणजे सर्व जणांचा, आणि सर्व जणींचाही. महिन्यातल्या सव्वीस दिवसांचा नव्हे.

माहेर-सासर, गाव-शिवार मागे टाकून आपण या शहरात आलो. येथल्या माणसांनी आपल्याला जागा दिली, आपला गणपती आपला मानला. त्या ऋणाची फेड आपण देखाव्यांनी करत आलो. या वर्षी ती एका कुलपाच्या खोलीने सुरू व्हावी, अशी प्रार्थना करून मी माझे चार शब्द संपवतो.

गणपती बाप्पा मोरया!